फोटो नसलेल्या माणसाचं चित्र

मालेगावात स्टँडामागं माझं पोर्ट्रेटचं दुकान आहे. चित्र गिऱ्हाईक घेऊन जातं, त्याचा किस्सा मात्र माझ्याकडंच राहतो. असे इतके झालेत की बायको म्हणते, "चित्रं कमी अन् गप्पाच जास्त रंगवता तुमी!"

मेडशीच्या एका रिटायर्ड गुरुजींना स्वतःचं पोर्ट्रेट पाहिजे होतं. "सुरकुत्या पुसा." पुसल्या. "केस काळे करा." केले. "चष्मा कायले पाहिजे?" तोही गेला. खुशीत घेऊन गेले अन् दुसऱ्या दिवशी परत! त्यांच्या बायकोचा निरोप होता, "हा परका मानूस बैठकीत नोको. माहा म्हातारा मले परत पाहिजे!"

मानोऱ्याच्या तीन भावांनी आईचं चित्र सांगितलं. मग एकेकाचा गुपचूप फोन! थोरल्याला त्यानं घेतलेलं लुगडं पाहिजे, मधल्याला त्याच्या पाटल्या, धाकट्याला त्याचा चष्मा. आजी सिटिंगला आल्या अन् म्हणाल्या, "मले शिलाई मशीनवर बसव. थे म्या माह्या कमाईनं घेतली हाये!" तशीच काढली.

एकानं तर बैलच दुकानासमोर आणून उभा केला. "फोटोत शिंगं बरोबर येत नाही, समोर पाहून काढा." बैलानं चार तास सिटिंग दिली. एकही करेक्शन नाही! असं गिऱ्हाईक पुन्हा मिळालं नाही.

अन् किन्हीराजाचे दिगंबरभाऊ. साठी उलटलेली. "बाबाचं चित्र पाहिजे."

"फोटो?"

"नाही. मी दोन वर्साचा होतो तवाच गेले."

मी हात जोडले.

"फोटो नाही त काय झालं? मानूस त होता ना! मले बाप पाहाचा हाये एकदा."

आठवड्यात तीनदा बसनं आले. शेवटी मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, काढूनच दाखवतो!

बाबांच्या हयातीतलं घरात एकच माणूस उरलं होतं, भाऊंची थोरली वहिनी. ऐंशीला टेकलेली. थोरला भाऊ बापावर गेला होता म्हणे, म्हणून त्याच्या फोटोवरून स्केच केलं. वहिनी फटकन म्हणाल्या, "हे त आमचे मालक हायत!"

"मग मामंजी कसे होते?"

"मले काय मालूम? सासऱ्याचं तोंड कायले पाहीन मी? चार वर्स पदराआडून पायच पाहिले."

झालं! पण पाय असे सांगितले की बाप्पा! उजव्या अंगठ्याचं नख काळं, टाच फुटलेली, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. मी पाच वेळा काढले, त्यांनी पाच वेळा खोडायला लावले. सहाव्यांदा मान डोलावली. चेहऱ्यासाठी मग दिगंबरभाऊंनाच समोर बसवलं अन् दोघा भावांतून बाप जुळवला.

चित्र तयार झालं. बाजेवर बसलेला, पाय खाली सोडलेला माणूस. भाऊंचे डोळे भरले, पण हट्ट कायम. "वहिनी हो म्हनन, तवाच घरात लावीन."

वहिनींनी आधी पाय पाहिले. मग धोतराची किनार. मग गुडघे. तिथंच थांबल्या, पदर नाकापर्यंत ओढला अन् भिंतीकडं सरकल्या.

"तोंड पाहा ना वहिनी, तोंड!" दिगंबरभाऊ ओरडलेच.

वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, हळू बोला. मामंजी बसेल हायत!"