झोपलेल्या पोरांचा फोटो

त्या रविवारी सकाळी हे मला म्हणाले, "पोरीला ते सर्दीचं औषध दे थोडं, मॅडम यायच्या आधी," आणि मी हो म्हटलं. पोरीला सर्दी नव्हती. ते औषध आईनं येताना बॅगेत घातलं होतं, त्यानं गुंगी येते, पोर दुपारभर उठत नाही, आमच्याकडे लग्नाबिग्नाला निघताना बाया देतात. मी हो म्हटलं कारण मला भीती वाटत होती. मला इथे सगळ्याचीच भीती वाटते, खालच्या मजल्यावरच्या आजींची, कचरा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला गेला तर त्याची, फोन उचलला आणि पलीकडून कोणी जपानी बोललं तर त्याची. बिल्डिंगच्या ऑफिसातून चिठ्ठी येऊन पडली होती की लहान मुलाच्या रडण्याचा आवाज येतो, कृपया काळजी घ्यावी. यांनी मोबाईलवर भाषांतर करून वाचून दाखवली. इतक्या वेळा कृपया आमच्या गावात कोणी वर्षभरात म्हणत नसेल, आणि तरी त्या दिवसापासून मी खिडकी उघडली नाही.

पण त्या दिवशीची भीती वेगळी होती. जेवायला ट्रस्टच्या मॅडम येणार होत्या.

ट्रस्ट म्हणजे रावबहादूरांचा ट्रस्ट. आमच्या भंडाऱ्याकडे मँगनीजच्या खाणी आहेत, इंग्रजांच्या काळात आमच्या भागातल्या खाणी या रावबहादूरांच्या होत्या. शाळा त्यांच्या नावाची, दवाखाना त्यांच्या नावाचा, बसस्टँडसमोर त्यांचा पुतळा, एका हातात काठी आणि दुसरा हात पुढे, काहीतरी देत असल्यासारखा. आम्ही पोरी म्हणायचो, देत नाहीये, मागतोय. मी त्याच शाळेत दहावीला बसले, गणितात गेले, परत बसले नाही. त्यांचा माल तेव्हा जहाजानं जपानला यायचा म्हणून ट्रस्ट एखाद्या हुशार पोराला पोलादाचं शिकायला इकडे पाठवतो, आणि यांचा नंबर लागला. म्हणजे आमच्याकडचा दगड इथे आधी आला, आम्ही नंतर. तर यांची पीएचडी रखडली होती, स्कॉलरशिप मार्चमध्ये संपत होती, अजून एक वर्ष पाहिजे होतं, आणि ते वर्ष द्यायचं की नाही ते मॅडमच्या हातात होतं. नाही मिळालं तर सामान बांधा आणि गावी चला. "अर्ध्या पीएचडीवर कोणी शिपाई पण ठेवत नाही," हे रोज म्हणायचे, दात घासताना सुद्धा.

मॅडम रावबहादूरांची नातसून. कोबेला ओळखीच्यांकडे उतरल्या होत्या, टोकियोत काही काम होतं, ते आटोपून तिथून जवळच, ग्योतोकुला, आमच्याकडेच जेवते म्हणाल्या, घरचं वरण खाऊन किती दिवस झाले म्हणे. आमचं घर म्हणजे एक खोली आणि भिंतीला चिकटून गॅस. पोरीला दात येत होते, आठवडाभर दिवसरात्र किरकिर. हे म्हणाले, "दोन तास शांतता दे मला फक्त. मला माझं काम समजावून सांगता आलं पाहिजे त्यांना."

मी चमच्यात औषध ओतलं. पोरगी समोर बसलेली, तिनं चिमणीसारखं तोंड उघडलं, तिला वाटलं खाऊ आहे. आणि टेबलावर रावबहादूरांच्या जीवनावरचं ते जाड गुळगुळीत पुस्तक होतं, मॅडमना दिसावं म्हणून यांनी मुद्दाम उघडून ठेवलेलं, नेमकं पाळणाघराच्या पानावर.

लांबलचक शेड, बांबूंना ओळीनं झोळ्या टांगलेल्या, मध्ये पांढऱ्या पातळातली दाई, आणि प्रत्येक झोळीत एक पोर. खाली लिहिलेलं की कामगार मातांसाठी रावबहादूरांनी सुरू केलेलं पाळणाघर, भर दुपारी निवांत झोपलेली बालके. तो फोटो मी आधी पण पाहिला होता. त्या दिवशी हातात चमचा होता म्हणून असेल, मला दिसलं की सगळीच झोपलीत. एक जागं नाही. कोणाची मूठ वर नाही, कोणाचा पाय झोळीबाहेर नाही. बाहेर बाया हातोडीनं दगड फोडतायत, तो ठणठणाट, ते ऊन, आणि ही अख्खी ओळ झोपलेली. माझ्याच्यानं एक पोर झोपवत नाही.

माझ्या आजीची आई त्या खाणीवर फोडायला जायची. मी तिला पाहिलंय, मी तेव्हा लहान, ती खाटेवरच असायची, हातांच्या कातडीत दगडाच्या बारीक कपच्या बसून राहिलेल्या, निळ्याकाळ्या, गोंदल्यासारख्या. ती सांगायची, गेटावर दाई पोर हातात घेतानाच त्याच्या जिभेवर मोहरीएवढी अफू ठेवायची. खाणीकडूनच यायची अफू. आई कामावर, पोर झोळीत, संध्याकाळी घेऊन जा. तिचं पहिलं पोर, मुलगा, एका संध्याकाळी तिनं झोळीतून काढला आणि तो उठला नाही. "दाईनं दोनदा देल्ली असंल माये," ती म्हणायची, "सकाळी रडला होता ना तो." दूध उतू गेल्याचं सांगावं तसं सांगायची. मग लगेच कामावर गेली, छाती दुधानं ठणकत होती, लुगडं भिजायचं, मुकादम म्हणाला बाई एवढा घाम कशाचा. माझी आजी त्याच्या नंतरची.

मी चमचा सिंकमध्ये उपडा केला आणि वरून पाणी सोडलं. यांना सांगितलं नाही. धाडसबिडस काही नाही त्यात. द्यायची पण भीती वाटत होती आणि न द्यायची पण, त्यातली एक जास्त जुनी निघाली.

मॅडम आल्या. चांगल्या होत्या, तेच तर. चपला काढून नीट वळवून ठेवल्या, कोबेचा केक आणला होता, मला म्हणाल्या, "मॅडम काय गं, काकू म्हण." आणि वरण वाढेपर्यंत पोरगी जी सुरू झाली ती थांबेना. खालून आजींनी छताला काठी ठोकली, दोन वेळा, हळूच. हे पाणी आणायच्या निमित्तानं माझ्याजवळ आले.

"दिलं नाहीस?"

"नाही."

"मग आता दे."

"नाही देत."

"मार्चनंतर कुठे राहायचं ते पण सांग मग," हे म्हणाले आणि हसरा चेहरा करून परत जाऊन बसले.

मॅडम म्हणाल्या, "रडू दे रे, लेकरूच ते." मग पुस्तकाकडे बघून म्हणाल्या, "पण खरंच, आमच्या पाळणाघरातली मुलं बघ किती शांत. आजेसासरे स्वतः लक्ष घालायचे."

"अफू द्यायचे त्यांना," मी म्हटलं.

माझ्या तोंडून निघून गेलं ते. यांचा घास हातातच राहिला. पोरगी रडतच होती, म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागलं. "माझी पणजी होती तिथे कामाला. तिचं पोर त्याच्यातच गेलं."

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "हो गं. त्या काळी सगळेच द्यायचे. चांगल्या चांगल्या घरांत द्यायचे."

"तुमच्या घरी द्यायचे का?"

त्यांनी जरा आठवलं. "नाही, आमच्याकडे मुलांना सांभाळायला वेगळ्या बायका होत्या," असं म्हणाल्या, खरं तेच सांगितलं. आणि मग एकदम वाटी खाली ठेवून यांच्याकडे वळल्या, डोळे चमकत होते त्यांचे. "म्हणजे ही आपल्या खाणीवरची आहे? आणि हे तू मला आत्तापर्यंत सांगितलं नाहीस? पणजी खाणीवर आणि पणती जपानमध्ये. याहून मोठं काय दाखवायचं असतं आम्हाला? थांब, रेकॉर्डच करू या."

त्यांनी फोन काढला. यांना म्हणाल्या, "बाळाला घेऊन जरा बाथरूममध्ये थांब, दार लावून." हे उठले पण. मी म्हटलं, नाही, ती माझ्याकडेच राहील. खांद्यावर पोरगी, कानात तिचं रडणं, आणि मी एका दमात सगळं सांगितलं, गेट, मोहरीएवढी गोळी, दोनदा दिलेली, झोळी, भिजलेलं लुगडं, मुकादम. मॅडम फोन धरून मान हलवत होत्या, डोळ्यांत पाणी पण आलं त्यांच्या. म्हणाल्या, "किती मनापासून बोललीस." दारात चपला घालताना यांच्या पाठीवर थाप मारली. "वर्षाचं मी बघते. काळजी करू नकोस."

वर्ष मिळालं. तोपर्यंत हे माझ्याशी धड बोलत नव्हते, ईमेल आला त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, त्या रात्रभर उघड्या दुकानातून, माझ्यासाठी क्रीमचा ब्रेड घेऊन आले आणि म्हणाले, "बघ, तुझ्या पणजीमुळे झालं." त्यांना ते चांगलंच वाटत होतं. मी ब्रेड खाल्ला. अजून आम्ही त्याच पैशांवर जेवतो, तांदूळ, डायपर, यांचा पास, सगळं.

व्हिडिओ नंतर ट्रस्टच्या पानावर आला. मी पोरीला लस टोचून घेऊन तोझाई लाईनच्या मेट्रोनं परत येत होते तेव्हा आईनं पाठवला, म्हणाली गावभर फिरतोय. कानात इयरफोन घातले. बासरी वाजत होती. माझे ओठ हलत होते, भराभर, आणि वर बासरी. माझा आवाज नाही, पोरीचा पण नाही, तिचं तोंड उघडं होतं ते जांभई दिल्यासारखं दिसत होतं. खाली लिहिलेलं की रावबहादूरांच्या छायेत वाढलेल्या कुटुंबाची चौथी पिढी जपानमधून कृतज्ञता व्यक्त करताना. आई म्हणत होती, साडी नेसायला पाहिजे होती तू.

मी परत पहिल्यापासून लावला, कुठेतरी एखादा शब्द राहिला असेल म्हणून. नाही राहिला.

तेवढ्यात पोरगी उठली, टोचलेलं दुखत असणार, आणि डब्यात मोठ्यानं रडायला लागली. असं झालं की मी नेहमी पुढच्या स्टेशनवर उतरते, ती गप्प होईपर्यंत प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभी राहते, मग मागच्या गाडीत चढते. समोरच्या माणसानं वर पाहिलं, बाजूची बाई सरकून बसली. दार उघडलं, बंद झालं. मी उतरले नाही. तिला खांद्यावर घेतलं, आणि ग्योतोकु येईपर्यंत ती रडली.