साडेचार हजार फुटांखाली: भिवंडी ते धुळे, एकटीनं

"आई, तू येऊ नकोस," असं अशूनं तीनदा बजावलं, म्हणून मी तिला न सांगता गेले.

अशू माझी एकुलती एक मुलगी, वय बावीस. तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. नोकरी लागल्यावर तिनं धुळ्याला पॅराशूट उडीच्या शिबिरात नाव घातलं. पहिल्या पाच उड्यांत विमानाला बांधलेली दोरीच छत्री उघडायची. सहाव्या उडीला मूठ ओढून छत्री स्वतःच्या हातानं उघडायची होती. "तू खाली असलीस तर माझं लक्ष तुझ्याकडे जाईल. मला मनगटावरचं घड्याळ बघायचंय," असं तिचं म्हणणं. हे घड्याळ वेळ नाही, उंची दाखवतं.

आमची भाजीवाली जनाबाई जवळच्या शेलार गावाहून येते. तिला सांगितलं तर म्हणाली, "लोका इमानान बसाला पैसं देतान, न तुजी पोर उरी माराला देतं? बाय, लगीन लाव तिचं!" मीही हसले. दार लावलं आणि मग कितीतरी वेळ तिथंच उभी राहिले.

शनिवारी पहाटे देवापुढे दिवा लावून निघाले. भिवंडीच्या राजनोली नाक्यावर धुळ्याची एसटी मिळते. बायकांना अर्धं तिकीट, दोनशेच्या आतबाहेर, वेळ सात-साडेसात तास. डावीकडची खिडकी धरा, उन्हाचा त्रास कमी होतो. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती, त्यामुळे वाटेतल्या हॉटेलात फक्त चहा घेतला. घाट चढून गेल्यावर घाटनदेवीला सगळ्या गाडीनं हात जोडले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "एकट्याच? कुणाकडे?" मी म्हटलं, "देवीला." अगदीच खोटं नव्हतं. आमची एकवीरा कार्ल्याची, पण धुळ्यातही पांझरेकाठी एकवीरा आहे.

मालेगावला गाडी थांबली आणि लूमची, यंत्रमागांची खटखट कानावर आली. भिवंडीत आमच्या निजामपुऱ्याच्या गल्लीत असल्यासारखं वाटलं. मग कंडक्टरनं घंटी मारली.

दुपारी दर्शन घेऊन ओटी भरली. जवळच्या धर्मशाळेत खोली स्वस्त आहे, चादर मात्र आपली न्यावी. मुलगी त्याच गावात होती आणि मी खोलीत एकटी पोथी वाचत होते. दोनदा फोन हातात घेऊन ठेवून दिला.

रविवारी सकाळी रिक्षानं धावपट्टीवर गेले. कुंपणाबाहेर कडुलिंबाखाली चहाची टपरी आहे, तिच्या आडोशाला उभी राहिले. आत फळ्यावर शिबिराचे सर खडूनं उडीची आखणी काढत होते. सर सैन्यातून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. कुंपणापर्यंत सगळं ऐकू येत होतं. अशू घरी दिवाणावर पालथी पडून हेच घोकायची, त्यामुळे मलाही पाठ होतं.

तुमच्या घरातलं कुणी जाणार असेल तर एवढं माहीत असू द्या. आधी वारा बघतात. जोर जास्त असला तर नवख्यांना विमानात बसवतच नाहीत. उंचीचं घड्याळ त्या मैदानावरच शून्याला लावतात. अशूला साडेपाच हजार फुटांवरून सोडणार होते. दहा आकडे मोजायचे, घड्याळ बघायचं आणि साडेचार हजाराला हात मुठीवर. छत्री नीट उघडली नाही तर ती सोडून पाठीवरची दुसरी उघडायची, आणि हा निर्णय अडीच हजारांच्या वर व्हायलाच हवा. म्हणजे मधले दोन हजार फूट चूक कळायला आणि सुधारायला. सुरुवातीच्या दहा सेकंदांत माणूस हजार फूट पडतं, पुढं मात्र दर पाच-सहा सेकंदांना हजार.

टपरीवाल्या ताईंनी विचारलं, "तुमचं कोणी आहे का वर?"

"नाही. सहज बघतेय."

नावं पुकारली. अशू तिसरी. विमान घिरट्या घालत वर गेलं. पहिल्या दोन छत्र्या दिसल्या. मग तिसरा ठिपका सुटला.

मी मोजायला लागले. दहा झाले. छत्री नाही. मनात म्हटलं, जपाची सवय, माझी बोटं भराभर पळतात, माझंच मोजणं चुकलं असणार. म्हणून सावकाश पुढं मोजत राहिले. तेरा. चौदा. पंधरा. हाका मारायला तोंड उघडलं, पण तिला कळू द्यायचं नव्हतं मी आलेय, म्हणून पदर तोंडात धरला. अठराला छत्री फुलली.

"बसा मावशी, पाणी घ्या," ताई म्हणाल्या. त्यांना सगळं कळलं असावं.

अशू नीट उतरली. सर तिच्याकडे चालत गेले. "तीन हजार! साडेचारला हात जायला पाहिजे होता. घडी कलाई पे शोभा के लिए बांधी है क्या? आँखें कहाँ थीं?" अशू मान खाली घालून उभी. "आता जमिनीवरचा सराव पहिल्यापासून. पुढच्या रविवारी परत दोरीची उडी, मग बघू."

कुंपण माझ्यापासून दहा पावलांवर होतं. तिनं येऊ नकोस म्हणून बजावलं होतं, म्हणून मी ती दहा पावलं चालले नाही. दुपारची एसटी धरली.

सोमवारी तिचा फोन आला. "मस्त झाली उडी! बरोबर साडेचारला उघडली."

मी म्हटलं, "तीनला उघडलीस, अशू."

तिनं विचारलं, "कुठं उभी होतीस?"

"टपरीच्या मागं."

"मी तुलाच शोधत होते. मला माहीत होतं तू येशील. एवढ्या उंचीवरून माणूस दिसत नाही हे ठाऊक असून खाली बघत बसले." आणि मग हळूच, "आई, यायचं असेल तर सांगून ये. नाहीतर घरीच आहेस हे नक्की सांग. अधलंमधलं नको."

तिला खाली बघावंसंच वाटू नये, असं एकच उत्तर मला सुचलं: "रविवारी मी घरीच असेन, शब्द देते."

रस्ता चांगला आहे, देवी जागृत आहे, चहाही बरा. तुमचं माणूस उडी मारणार असेल तर लपून जाऊ नका. येत्या रविवारी मी घरीच आहे, तसा शब्द दिलाय. जनाबाईलाही सांगितलंय, त्या वेळी दार वाजवू नकोस. फोन देव्हाऱ्याशेजारी ठेवून बसेन. तिकडे अशू विमानातून सुटेल तेव्हा खाली तिचं कुणीही नसेल.