दळवींचं घर मी पाडलं ती सकाळ

शेजारच्या दळवींचं दोन मजली घर मी एका सकाळी चहा पिता पिता पाडलं. कुणाला लागलं नाही, धूळ उडाली नाही, दळवींना तर दुपारपर्यंत पत्ताही नव्हता. नाते गावातून त्यांच्या बहिणीचा रडत रडत फोन आला, तेव्हा बिचाऱ्यांना कळलं!

आधी माझा धंदा सांगते, म्हणजे गुन्हा नीट समजेल. आमच्या ह्यांचं महाडात हायवेलगत फर्निचरचं वर्कशॉप आहे. हे लाकूड कापतात आणि मी कम्प्युटरवर कपाटं काढते. गिऱ्हाइकाचं स्वयंपाकघर पडद्यावर उभं करायचं, दारांना लाकडाचा पोत चढवायचा, खिडकीतून ऊन सोडायचं, आणि बाईसाहेब "अय्या!" म्हणाल्या की ऑर्डर घ्यायची. पडद्यावरच्या माझ्या ओट्यावर कधी खरकटं भांडं नसतं. (माझ्या खऱ्या ओट्याचा विषय नको.)

तर आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्या आणि बाबा "चार दिस जातो बहिणीकडं" म्हणून पोलादपूरच्या पुढे उमरठला गेले, ते तिकडेच राहिले. आणायला गेलं की एकच उत्तर.

"त्या ओट्याकडं बघून घास उतरत नाय गो, मनीषा."

आम्ही पिशवीभर भाजी घेऊन परत यायचो. पण खरं सांगते, मला करमत नव्हतं. दुपारच्या चहाला बाबा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि पडद्यावरच्या प्रत्येक कपाटाला नावं ठेवायचे. "ह्या फळीवर तांदळाचा डबा ठेवलास तर बाईच्या डोक्यात पडंल." नावं ठेवणारं माणूस गेलं की घर इतकं शांत होतं, इतकं शांत होतं की चहासुद्धा गार होतो आणि कुणी सांगत नाही.

अशात ह्यांनी पुराच्या पाण्याने फुगलेली जुनी कपाटं एकदाची उखडली. ओटाही तोडला. गॅस जिन्याखाली गेला, मिक्सर बेडरूममध्ये, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. नवं स्वयंपाकघर अगदी आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, फडताळासारखं हिरवं करायचं. चित्र बाबांना पाठवायचं. बघतील आणि येतील!

"कुठलं हिरवं?" ह्यांनी विचारलं.

"आईंचं हिरवं."

आईंचं हिरवं सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. पिस्ता होता, शेवाळी होता, पोपटी तर चार प्रकारचा होता. एक लावून बघितला तर चकाकी इतकी जास्त, की स्वयंपाकघर न वाटता ऑपरेशन थिएटर वाटायला लागलं. चकाकी कमी केली तर दारं आजारी दिसायला लागली. मग वरून लाकडाच्या रेषा चढवल्या. माप चुकलं आणि लाकडातली एक गाठ परातीएवढी होऊन दाराच्या मधोमध बसली.

"हे कपाट माझ्याकडं बघतंय," हे म्हणाले. "मी ह्याच्यासमोर जेवणार नाय."

शेवटी वर्कशॉपच्या माळ्यावर आईंच्या फडताळाचं एक दार सापडलं. पोपडे निघालेलं, पण खरं. मी त्याचा फोटो काढला आणि तोच पोत म्हणून सगळ्या कपाटांवर चढवला.

आता त्या दारावर आईंची एक टिकली होती. आंघोळीला जाताना कपाळावरची टिकली काढून फडताळाला चिकटवायची त्यांची सवय. आणि सॉफ्टवेअरची सवय अशी, की छोटा फोटो दिला तर तो फरशीसारखा पुन्हा पुन्हा मांडून सगळी जागा भरून काढायचं. चित्र तयार होऊन समोर आलं, तर वर टिकल्या, खाली टिकल्या, ड्रॉवरला टिकल्या, चिमणीच्या झाकणाला टिकल्या!

"अगो, दारांना गोवर आलाय!" हे पोट धरून हसले. मीही हसले. मग मी चित्र मोठं करून पुन्हा बघितलं. इतक्या टिकल्या, आणि कपाळ एकही नाही.

मी एकेक पुसत गेले. शेवटची काही पुसवेना. ती ठेवली.

राहिला उजेड. आईंच्या ओट्यासमोर पूर्वेची खिडकी होती. सकाळी भाकऱ्या करायच्या वेळी तिच्यातून ऊन यायचं, आणि बाबा पेपर घेऊन त्याच उन्हात बसायचे. पूर आला, तळमजला बुडाला, दळवींनी शहाण्या माणसासारखं घर उंच केलं. भिंत वर गेली आणि खिडकीत ऊन यायचं थांबलं. दळवींचा दोष नाही. पाणी बघितलेला माणूस वरच चढणार. आई एवढंच म्हणाल्या होत्या, "माझं ऊन गेलं गो." तेव्हापासून आमच्याकडे दिवसाढवळ्या ट्यूबलाइट.

मी कामाला पक्की, म्हणून खिडकीबाहेर दळवींची भिंतही मापात काढली होती. सूर्य इकडे फिरवला, तिकडे फिरवला, प्रखर केला, खाली आणला. दळवी हटेनात. मग चहाचा एक घोट घेतला, भिंतीवर क्लिक केलं आणि डिलीट दाबलं.

काय सांगू! ऊन असं आत आलं की मला माझी खुर्ची मागे घ्यावीशी वाटली. हिरव्या दारावर ऊन, टिकलीवर ऊन, खिडकीबाहेर निळं आभाळ. मी चित्र आत्याबाईंच्या, म्हणजे बाबांच्या बहिणीच्या, फोनवर पाठवलं. (बाबांच्या फोनवर चित्र दिसत नाही. त्यांच्या फोनवर फक्त बोलता येतं, तेही ओरडून.) खाली लिहिलं, "बाबा, आपलं स्वयंपाकघर. बघा कसं झालंय." हे नुसतं चित्र आहे, असं लिहायचं राहिलं. एवढीच चूक! पण आमच्या आत्याबाईंना एवढी पुरते.

त्यांनी फोटो मोठा करून खिडकी बघितली आणि बाबांना सांगितलं, दळव्याचं घर गेलं. मग आळीला सांगितलं. मग नाते गावात फोन लावला, कारण दळवींची बहीण तिथे दिलेली. तोवर घर नुसतं गेलं नव्हतं, सावित्री नदीच्या दिशेने वाहून गेलं होतं!

दुपारी दारात दळवी उभे. एका हातात फोन, फोनमधून रडणं.

"वहिनी, माझं घर पडलं म्हणे?"

"नाही हो, कोण म्हणतं?"

"ताई म्हणते. मी म्हटलं, अगं मी घरातच बसलोय. तर म्हणते, तू धीर देण्यासाठी खोटं बोलतोयस!"

मी तोंड उघडणार, तोच मागे रिक्षा थांबली. आधी भोपळा उतरला, मग तांदळाची गोणी, मग आत्याबाई, आणि शेवटी बाबा. हातात त्यांची कपड्यांची बॅग. तीच, जी घेऊन ते गेले होते.

"अरे देवा, ह्यो तर जिता हाय!" आत्याबाई दळवींना बघून म्हणाल्या. "आणि घर बी उभं हाय! मग फोटूत गेलं कुठं?"

बाबांनी चपला काढल्या आणि ते सरळ स्वयंपाकघरात गेले. तिथे होतं काय? उघडी वीट, खडूच्या खुणा, सिमेंटचं पोतं. खिडकीत दळवींची भिंत आणि त्यांच्या मोरीचा पाइप. बाबा त्या खिडकीसमोर नुसते उभे राहिले.

"काका, सॉरी," दळवी मागून म्हणाले. "मी हाय अजून."

"तो फोटू कसला गो?" बाबांनी मला विचारलं.

"कम्प्युटरवर केलेला, बाबा."

"मंजे खोटा."

"हो."

त्यांनी बॅगचा पट्टा पुन्हा खांद्यावर चढवला. "संध्याकाळची गाडी मिळंल," असं बहिणीला म्हणाले. दोन वर्षं ज्यांची वाट बघितली त्यांना मीच बोलावलं, आणि मीच फसवून परत पाठवत होते. मला रडूच फुटलं. सिमेंटच्या पोत्यावर बसून मी भोकाड पसरलं. रडता रडता म्हटलं, "मला वाटलं, ऊन बघून याल. मला कंटाळा आला हो बाबा, एकटीने चहा प्यायचा!"

"एकटी?" हे म्हणाले. "मी काय भिंत हाय?"

"तुम्ही गप बसा!"

बाबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "दाखव."

"काय?"

"तुझं ते ऊन दाखव."

मी लॅपटॉप आणून विटांच्या थप्पीवर ठेवला. आत्याबाई, हे, दळवी, फोनवरची दळवींची बहीण, सगळे मागे. बाबा पोत्यावर माझ्या शेजारी बसले आणि चष्मा पुसून बघायला लागले. टिकलीजवळ बोट नेलं, पण काचेला लावलं नाही.

"ऊन चुकलंय," ते म्हणाले.

"कुठे?"

"एवढं वर नसायचं. खाली घे."

मी सूर्य खाली ओढला.

"अजून. आता डावीकडं. हां... ती भाकरी थापायची ना, तेव्हा ऊन परातीच्या काठावर यायचं. एवढं पांढरं नको करूस, ती काय लग्नाच्या हॉलातली लाइट हाय? पिवळं कर."

पिवळं केलं. "लय पिवळं झालं," आत्याबाई म्हणाल्या. "आमची वैनी काविळीची दिसंल ह्यात." दळवींनी सुचवलं, पडद्याची थोडी सावली द्या, आईंचा फुलाफुलांचा पडदा असायचा. (माझ्या हातून वाचलेला माणूस मला सावल्या शिकवत होता!) मी सावली दिली. सूर्य केसभर डावीकडे घेतला.

"थांब," बाबा म्हणाले. "आता हात लावू नको."

लॅपटॉपचा पंखा तेवढा घरघरत होता. बाबांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि दळवींच्या भिंतीकडे एकदा बघून म्हणाले, "भोपळा आत घ्या कुणीतरी. आणि चहा ठेव गो. साखर कमी, तुझा चहा लय गोड असतो."

बॅग खाली ठेवली गेली. आत्याबाई संध्याकाळच्या गाडीने एकट्याच गेल्या.

नवं स्वयंपाकघर होऊन आता बरेच महिने झाले. ह्यांनी आईंच्या जुन्या दारातला टिकलीचा तुकडा कापून नव्या कपाटात बसवलाय. हिरवा रंग अजून जमलेला नाही. बाबा रोज नावं ठेवतात. चहा गार होत नाही.

फक्त एक काम माझ्या मागे लागलंय. सकाळी भाकऱ्यांच्या वेळी लॅपटॉप ओट्यावर उघडून सूर्य लावून द्यायचा. बाबा पेपर घेऊन त्यासमोर बसतात. वर ट्यूबलाइट चालू असते, पण तिला ते मोजत नाहीत. परवा लॅपटॉप चार्ज करायचा राहिला आणि पडदा काळा तो काळाच. बाबांनी खुर्ची ओढली, पेपर उघडला, समोर बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "आज ढगाळ हाय वाटतं."

आणि मी, अख्ख्या महाडची स्वयंपाकघरं उजळणारी बाई, पिठाच्या हाताने घरभर सूर्याचा चार्जर शोधत होते.