नऊ रेघांची दोन अक्षरं

सोमवारी सकाळी चौसाळ्याच्या गॅरेजात आम्ही दोघंच होतो, मी आणि एक मिस्त्री. त्याचं नाव मी विचारलं नाही. माझ्या जुन्या जपानी टिलरच्या, म्हणजे शेत नांगरायच्या यंत्राच्या, गिअरच्या दांड्याशी दोन जपानी अक्षरं होती, एक पुढे जाण्याचं, एक मागे; कोणतं कुठलं ते कळत नव्हतं. चुकलं तर फिरती पाती चालवणाऱ्याच्या पायावर येणार. मिस्त्रीजवळ जपानी-इंग्रजी कोश होता, त्यात अक्षर रेघा मोजून शोधायचं म्हणून मी दोनदा रेघा मोजल्या, दोन्हींत नऊच.

“नुसतं मोजून भागतंय व्हय, काका? आधी खानदान बघायचं.” तेलकट नखाने त्याने एका अक्षराचा डावा तुकडा दाखवला, कोशात तोच तुकडा असलेल्या अक्षरांची पानं काढली, उरलेल्या सहा रेघा मोजून त्यांतलं अक्षर गाठलं आणि पुढचा इंग्रजी अर्थ वाचला. “हे मागं जायचं.”

“उच्चार काय?”

“कुणाला ठाऊक!”

“मग खात्री हाय ना?”

त्याने मला बाजूला सारलं, स्वतः टिलरच्या मागे उभा राहिला आणि दांडा दुसऱ्या अक्षराकडे ढकलला. टिलर पुढे गेला.