जामसंड्याच्या सड्यावरचं गाऱ्हाणं

धामापूरच्या तळ्यावरचं धुकं उठायच्या आत मी घर सोडलं. सुनेने विचारलं, कुठे निघालात. म्हटलं, जामसंड्याला, क्रिकेट बघायला. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

हिरा, माझी बायको, जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध होईपर्यंत मी एकाही मैदानावर पाय ठेवला नाही. त्याआधी टेनिसच्या चेंडूची स्पर्धा मालवणात असो की देवगडात, आम्ही दोघं गोणपाट काखेत मारून हजर. आमच्या वाडीचा संघ उतरला की पहिल्या चेंडूच्या आधी गाऱ्हाणं (देवाला मोठ्याने घातलेलं साकडं) घालायचं काम माझं. एकेक वाक्य मी म्हणायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. त्यात हिराचा आवाज सगळ्यांच्या वर. ती गेली आणि माझा घसाच बसला. देवळातही मी गाऱ्हाण्याला उभा राहिलो नाही. भाऊबंद म्हणाले, राहू दे आता. राहू दे म्हणजे काय? माणूस गेलं म्हणून आवाजही गेला का, हे मला एकदा बघायचंच होतं.

आचऱ्यावरून देवगड जवळ पडतं. पण आम्ही कायम कणकवलीवरून जायचो, कारण डेपोतल्या बाकावर बसून गरम कांदाभजी खाल्ल्याशिवाय हिराला प्रवास झाल्यासारखा वाटत नसे. मीही भजी घेतली. एकट्याला पुडी जास्त झाली. टाकली नाही, बांधून पिशवीत ठेवली.

नांदगाव सोडलं आणि माझा डोळा लागला. हिरा असती तर कोपराने ढोसलं असतं. कोणी ढोसलं नाही, आणि मी जामसंडे मागे टाकून थेट देवगडच्या स्टँडवर. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, उतरा. फुडे समुद्र आसा."

"माका म्हायत आसा," म्हटलं आणि उतरलो. पुन्हा गाडीची वाट कोण बघणार? आलो तो रस्ता चालत निघालो. दोन्ही बाजूंना आंब्याची कलमं मोहोराने लगडलेली, वास असा की डोकं जड व्हावं. मध्येच झाडी संपते आणि खाली समुद्र चमकतो. चढाला दम लागला, पण थांबलो नाही.

मैदान सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) आहे. बघितलं आणि वाटलं, चुकलो की काय. पूर्वी चुन्याच्या रेषा, एक टेबल आणि एक कर्णा एवढाच थाट असे. आता मांडव, खुर्च्या, स्पीकरच्या भिंती, बांबूच्या माचावर कॅमेरा. म्हणे मुंबईत बसून लोक मोबाइलवर बघतात. खेळाडूंच्या पाठीवर त्यांची नावं आणि कुठल्याशा सिमेंटची जाहिरात.

मी मांडवाबाहेर, रायवळ आंब्याच्या सावलीत गोणपाट पसरलं. अर्ध्यावर बसलो, अर्ध्यावर पिशवी ठेवली. तेवढ्यात आमच्या वाडीचा बाबलो दिसला. जलद गोलंदाज, एरवी रिक्षा चालवतो. त्याला विचारलं, आपला संघ कधी उतरतो?

तो डोकं खाजवायला लागला. म्हणाला, वाडीचा संघ आता नाही. खेळाडूंचा लिलाव होतो, ज्याने बोली लावली त्याचा संघ. तो स्वतः निळ्या कपड्यांत, आणि त्याचा चुलतभाऊ विशो, आमचा फलंदाज, पिवळ्यात. आणि आता निळे विरुद्ध पिवळे.

"म्हणजे तुमका बाजारात उभे केल्यानी, बैलासारखे?"

"दाजीनु, बैलाक टी-शर्ट मिळना नाय," बाबलो म्हणाला. मला हसू आलं, तरी आतून काहीतरी खचलं. ज्या वाडीसाठी गाऱ्हाणं घालायला आलो, तिचा संघच उरला नव्हता.

तोच स्पीकरमधून गाऱ्हाणं सुरू झालं. कोणीतरी आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं. 'व्हय म्हाराजा'सुद्धा त्यातच. खेळाडू बुटांच्या नाड्या बांधत होते, टोपी काढायचीही कोणाला शुद्ध नाही. मी उठलो आणि सरळ माइकवाल्याकडे गेलो. पांढऱ्या शर्टातला, शहरी बोलणारा तरुण. त्याला सांगितलं, हे बंद कर, मी घालतो.

"आजोबा, थेट प्रक्षेपण चालू आहे. वेळ नाही."

"देव काय मोबाइलार बघता?"

मागून बाबलो आला आणि म्हणाला, "ह्ये आमचे दाजी. ह्येंका घालूंक दी." माइकवाल्याने यंत्र बंद केलं. माइक पुढे केला तो मी घेतला नाही. खेळपट्टीजवळ जाऊन हात जोडले. क्षणभर वाटलं, परत फिरावं. मग डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बा देवी भगवती, बा रवळनाथा, ह्या सड्यावरच्या जागेवाल्या..."

आवाज फाटका निघाला, पण निघाला. समोरून दोघाचौघांनी पुटपुटल्यासारखं 'व्हय म्हाराजा' म्हटलं. आंब्याखालून मात्र एका बाईचा आवाज खणखणीत आला. माझ्या अंगावर काटा आला. डोळे उघडले नाहीत. पुढे म्हणत गेलो. कोणाचा पाय मोडू देऊ नको, कोणाची नजर लागू देऊ नको. आणि शेवटी, जन्माच्या सवयीने, तोंडातून गेलं, "आणि आमच्या वाडीच्या पोरांका आज यश दी रे म्हाराजा!"

मग निळ्यांतून बाबलो ओरडला, "व्हय म्हाराजा!" पिवळ्यांतून विशो ओरडला, "व्हय म्हाराजा!" आणि दोन्ही संघ हसत हसत एकदम, आणि मागून अख्खं मैदान.

"दाजीनु," विशो म्हणाला, "आज देवाक अडचणीत टाकलास."

"निस्तरात तो," मी म्हटलं.

परत आंब्याखाली आलो तर माझ्या वयाची एक बाई गोणपाटाशेजारी उभी. जामसंड्याचीच, नातू पिवळ्यांचा यष्टिरक्षक. मघाचा आवाज तिचाच. पिशवीकडे बघून तिने विचारलं, "हंय कोण बसता?"

मी पिशवी उचलली. "बस गो बाय."

भजी गार झाली होती, तरी दोघांनी खाल्ली. विशोने बाबल्याला समुद्राच्या दिशेने षटकार मारला आणि पुढच्याच चेंडूवर बाबल्याने त्याची दांडी उडवली. मी दोन्ही वेळा ओरडलो. निळ्यांच्या एकाच्या पायांखालून चेंडू गेला, तेव्हा माझ्या तोंडून हिराचीच शिवी गेली, "वाक रे मेल्या, कंबर गहाण ठेवलीस काय?" शेजारची बाई पदर तोंडाला लावून हसली.

सामना पिवळ्यांनी जिंकला. बाबल्याचं तोंड उतरलं, विशो नाचला. देवाने कोणाचं ऐकलं, मी विचारलं नाही. परतीच्या गाडीत जागा राहिलो.

उन्हं उतरता घरी पोचलो. सुनेने विचारलं, जिंकलात? म्हटलं, हरलो पण, जिंकलो पण. गोणपाट अंगणात झटकलं. दोन्ही अर्ध्यांवरून तांबडी माती उडाली. मैदान पूर्वीचं राहिलं नाही, संघ राहिला नाही, हिरा राहिली नाही. घसा आहे. पुढच्या हंगामाला मी जाणार, आणि गोणपाट मोठं नेणार.