आखूड हाताचा दादा

कोपरगावात माझा सत्कार चालू होता. गळ्यात हार, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, आणि माइकसमोर एक उत्साही प्राध्यापक. सालगड्याच्या घरात जन्मलेला पोरगा हायकोर्टाच्या न्यायासनापर्यंत कसा पोचला, हे ते माझ्याच पुस्तकातून मलाच सांगत होते. 'स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस' असं त्यांनी म्हटलं, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांतच एक ओळखीचे गृहस्थ मागून वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, नेवाशाहून फोन होता. तुमचे थोरले बंधू गेले." मी मान हलवली. प्राध्यापक पुढे काय बोलले ते आठवत नाही, पण मी उठलो नाही एवढं आठवतं. समोरचा बोलत असताना मधेच उठायचं नाही, ही इतक्या वर्षांची न्यायाधीशाची सवय, असं मी गाडीत बसल्यावर स्वतःला समजावलं. सवय कसली... दादा गेल्याचं ऐकूनही मी आणखी थोडं कौतुक ऐकत बसलो, हे खरं.

दादा म्हणजे नामदेव. माझ्याहून दीड वर्षाने मोठा. गावात मात्र त्याला नुसतं नामदेव कोणी म्हणत नसे. 'आखूड नामा' म्हणत. बाजारात, बैलांच्या सौद्यात, देवळाच्या पारावर, सगळीकडे आखूड नामा. पारूवहिनी सांगायच्या की, लग्न ठरण्याआधी त्यांच्या वडिलांनी हे नाव ऐकून धसका घेतला होता आणि पोराच्या हाताला काही व्यंग आहे का ते पाहायला मुद्दाम माणूस धाडला होता. तो परत जाऊन म्हणाला, "हात तर धड हायेत, नाव का पडलं कुनाला ठावं." वहिनी हे हसत हसत सांगायच्या, दादाही हसायचा, आणि मी चहाच्या कपात बघत बसायचो. नाव का पडलं ते त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं.

ते आता सांगायला हवं, कारण माझ्या पुस्तकात ते नाही. आमचं गाव प्रवरेच्या काठचं. आमचे वडील, आबा, एका बागायतदाराकडे साल घालून राबायचे. तालुक्याला गरिबांच्या मुलांसाठी एक बोर्डिंग निघालं होतं, जेवण, कपडे, शाळा सगळं फुकट, पण एका घरातला एकच पोरगा घ्यायचे. जो मागे राहील त्याने मालकाच्या म्हशी राखायच्या, हे आबांनी आधीच कबूल करून ठेवलेलं. अर्थात जायचा तो थोरला, यात वाद नव्हता. आई रानात गेलेली, मला सांभाळायला कोणी नाही, म्हणून मलाही बरोबर नेलं होतं. जन्मतारखा तेव्हा कुणाला ठाऊक असायच्या? उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. लागला तर पोरगा शाळेच्या वयाचा, नाही लागला तर अजून लहान. एवढाच दाखला.

हेडमास्तर समोर खुर्चीत बसलेले, आबा दाराशी हात जोडून उभे आणि मी दादाच्या मागे. त्याने डोक्यावरून हात नेला. त्याची बोटं कानाच्या वरच्या कडेशी आली, मी पाहिली, आणि तिथेच ती मुठीत मिटली. कोपर त्याने अंमळ वर उचललं. "न्हाई लागत, मास्तर," तो म्हणाला. मास्तर म्हणाले, "अजून एक साल जाऊ द्या." आबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात दादाने मला दंडाला धरून पुढे ओढलं, "मग ह्याचं बघा की!" माझा हात काही केल्या पोचत नव्हता. मी मान हळूच हाताकडे कलती केली. बोटाचं टोक कानाच्या कडेला लागलं. मास्तरांना मान वाकडी केलेली दिसली असणार, पण ते हसले आणि माझं नाव विचारलं. मला तिथेच ठेवून घेतलं. निघताना आबांनी दादाचा तोच कान पिरगाळला, "थोरला असून तुला सोताचा कान घावंना? आखूड हाताचं बेनं!" ते नाव आबांनीच गावात नेलं आणि मरेपर्यंत त्याच नावाने त्याला हाक मारली.

पुढचं सगळं पुस्तकात आहे. बोर्डिंगातली भाकर, नगरची शाळा, पुण्यात लोकांच्या मुलांना शिकवून केलेलं कॉलेज, वकिली, मग न्यायाधीशाची नेमणूक. दादा म्हशींमागे गेला, मग आबांच्या जागी साल घातलं, पुढे थोडीशी कोरडवाहू जमीन करून खाऊ लागला. मी न्यायाधीश झाल्यावर नातेवाईक बंगल्यावर रांग लावतील असं सहकाऱ्यांनी भेडसावलं होतं. दादा कधी फिरकलाच नाही. मीच वर्षा-दोन वर्षांतून गावी जायचो. एकदा माझा वकिलीतला काळा कोट त्याला दिला, थंडीत रात्री रानात राखणीला जाताना होईल म्हणून. तो कोट त्याने घातलेला मी कधी पाहिला नाही. मी गेलो की कोट खुंटीला टांगलेला असायचा. मला वाटे, माझं जुनं वापरायचा त्याला संकोच वाटतो. थोडा रागही यायचा, खोटं कशाला बोलू.

निवृत्त झाल्यावर आत्मचरित्र लिहायला घेतलं तेव्हा पहिल्या प्रकरणात ती मूठ जशी पाहिली तशी लिहिली. छापायला देण्याआधी दादाच्या तोंडून एकदा हो म्हणवून घ्यायचं होतं. मला पुरावा नको होता, साक्षीदार मीच होतो. मला त्याची कबुली हवी होती. गावी जाऊन ओट्यावर बसून ते प्रकरण त्याला वाचून दाखवलं. तो काडी चघळत ऐकत होता. मुठीपाशी आलो तसा त्याने हात वर केला.

"हे खोड."

"का? खोटं आहे?"

"खोटं हाय. माझा हात पोचलाच न्हाई."

"दादा, मी तुझ्या मागं उभा होतो."

"तू येवढासा हुतास. तुला काय दिसनार?" मग काडी थुंकून म्हणाला, "आबा मरूस्तवर मला आखूड म्हनत गेला. आता छापून आलं तर आबा खोटा पडंल. मेल्या मानसाला कशापायी खोटं पाडायचं, बापू?"

मी उलटतपासणीला लागलो. कोर्टात भल्याभल्यांना घाम फुटायचा, पण हा साक्षीदार काही हलेना. शेवटी कंटाळून उठला आणि दावणीला बांधलेल्या म्हशीकडे गेला. तिच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला म्हशीचं लई भ्या वाटायचं."

"काय म्हणालास?"

"काय न्हाई. च्या घे."

पुण्याला परतलो आणि तो मजकूर खोडला. दादानेच सांगितलं म्हणून खोडला, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. पण खोडताना मला हलकं वाटलं होतं... त्याचं काय करू? त्या जागी लिहिलं, 'माझा हात कानाला लागला आणि माझ्यासाठी शाळेचं दार उघडलं.' हे वाक्य लोकांना फार आवडतं. शाळांतून मला बोलावतात तेव्हा मुलं ते पाठ म्हणून दाखवतात आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवतो. सहा वर्षांच्या पोराने मान वाकडी केली म्हणून कुठलंही कोर्ट त्याला शिक्षा करणार नाही, मीही केली नसती. मात्र साठी उलटलेल्या माणसाने, सगळं कळत असताना, ज्याची जागा आपण घेतली त्याला आपल्या गोष्टीतूनही उठवलं, हे मला कुठल्याच कलमात बसवून सोडवता येत नाही.

मी पोचलो तेव्हा माती माझ्यासाठीच खोळंबली होती. पाऊस दगा देऊन गेलेला, प्रवरेचं पात्र कोरडं ठणठणीत, अर्धा गाव दुष्काळी कामावरून खडी फोडून परस्पर आलेला. सत्काराची शाल माझ्या खांद्यावरच राहिली होती हे मला नदीवर गेल्यावर कळलं. "जज्जसाहेब आले, उचला आता," घरापाशी पोचताच कोणीतरी म्हणालं होतं. आणि एक म्हातारा हळहळला, "आखूड नामा गेला... लई देवमानूस." त्या गर्दीत त्याला निदान एकदा नामदेव म्हणा, असं सांगायला माझी जीभ उचलली नाही.

तो काळा कोट आता माझ्या खोलीत खुंटीला आहे. तेराव्याला मी निघालो तेव्हा पारूवहिनींनी तो आणून माझ्या हातात दिला. "तुमचाच हाय, भाऊजी. ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ. घालून तर बघा." त्यांचं मन मोडवेना, म्हणून अंगात घातला. खांदे ठीक बसले. बाह्यांच्या टोकांना मात्र वेगळंच कापड लागत होतं, चकाकणारं, हातशिवणीने जोडलेलं.

"हे काय, वहिनी?"

"छत्रीचं कापड. त्यान्ला बाह्या लई तोकड्या व्हायच्या, पार मनगटाच्या वर जायच्या. म्हनून म्याच जोड लावला. पर तुमी येनार म्हनलं की आधी कोट काढून ठेवायचे. म्हनायचे, बापूला दिसाया नको."

मी हात खाली सोडले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी असतानाच त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "अगं बाई, भाऊजी... तुमचा तर हातच दिसंना."