स्वरदाने सही केली नाही

स्वरदा टिकेकर काय काम करते असं लखनौत कुणी विचारलं, की ती सांगायची, "जहाज बंदरात शिरेल का, ते बघते." समोरचा हसायचा. "यहाँ? गोमती में?"

वडील नरहर रेल्वेत इंजिनियर. बदलीवर आले आणि इंदिरा नगरातच घर करून राहिले. मुलीने विशाखापट्टणमला जाऊन जहाजांचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन ती इथल्याच एका खाजगी कंपनीत लागली. कंटेनर भरलेलं जहाज पाण्यात किती खोल बसतं, बंदराच्या वाटेत तेवढी खोली आहे का, भरती केव्हा, याचा मेळ ती घालायची. तिच्याकडच्या बंदरांचा अहवाल तिच्या सहीशिवाय बाहेर जात नसे.

गेल्या वर्षी एका क्लायंटला नेहमीपेक्षा बरंच मोठं जहाज नदीच्या मुखाजवळच्या एका बंदरात आणायचं होतं. पण खोलीचं मोजमाप पावसाळ्याआधीचं. नंतर नदीने किती गाळ आणून टाकला, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यात उथळ पाण्यात जहाज चालू लागलं की आणखी खाली बसतं.

"नव्याने मोजा, नाहीतर माल कमी भरा," तिने कळवलं.

तिचे साहेब सत्यजित नागपूरचे. ते तिच्या टेबलाशी आले. "यार स्वरदा, क्लायंट हातचा जाईल. कॅप्टन घेईल ना सांभाळून! तू तर ते बंदर पाहिलंही नाहीस."

"नाही पाहिलं. म्हणूनच मोजा म्हणतेय."

"अच्छा. मग मयूर करेल सही."

शेजारच्या टेबलावरच्या मयूरची नोकरी अजून पक्की व्हायची होती. त्याने कागद चाळले, मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "सर, मुझसे भी नहीं होगा."

घरी नरहर वैतागले. "नोकरीत एवढं ताठ राहून चालत नाही गं."

"बाबा, पूल तपासल्याशिवाय तुम्ही गाडी सोडली असती?"

नरहरांनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

सहीच मिळेना, तेव्हा शेवटी बंदराने मोजमाप केलं. गाळ चांगलाच साचला होता. जहाज आलं, पण माल कमी भरून आणि भरतीची वाट पाहून. क्लायंट रुसला आणि पुढचं काम दुसरीकडे गेलं. त्याचं खापर स्वरदावर फुटलं. तिच्याकडची बंदरं काढून घेतली आणि भर मीटिंगमध्ये सत्यजित म्हणाले, "सॉरी म्हण, विषय संपवू."

"कशाबद्दल?"

"मग राजीनामा दे."

"देणार नाही. काढायचं तर काढा, पण कारण लेखी द्या. मोजमाप मागितलं म्हणून काढलं, असं लिहा."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. ती मात्र फक्त सत्यजितांकडे बघत होती. त्यांनी पेन उघडलं, बंद केलं आणि पुढचा विषय काढला.

ते कारण आजवर कुणी लिहून दिलेलं नाही. स्वरदा त्याच खुर्चीत आहे, बंदरंही हळूहळू तिच्याकडे परत आलीत. आणि मोजमाप जुनं असलं, तर ती अजूनही सही करत नाही.